भाऊच्या धक्क्यावरून एक दिवस

इंग्लंडात म्हणे लोक सुट्टीत जुन्या कालव्यांवरून लांबट, अरुंद होड्या घेऊन हिंडतात. वेग ताशी ४ मैल! कोळसा वाहायला खोदलेले ते कालवे आता निवांतपणासाठी. वाचून हेवा वाटला ना? पण मैत्रिणींनो, लालबाग-परळहून हाकेच्या अंतरावर आपलाही धक्का आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ 'भाऊ' यांच्या नावाचा. रेवसची लाँच तिथूनच सुटते. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरा, पुढे टॅक्सी करा.

तास-सव्वा तासाचा प्रवास. धक्का सुटला की उत्तरेला अटल सेतू दिसतो (२०२४ साली झाला तो), मग बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या, डावीकडे घारापुरीचे डोंगर आणि न्हावा-शेवाच्या उंच क्रेन. सीगल पक्षी लाँचमागे येतात. मुलांना एवढं पुरतं. आपल्याला तर एक तासभर कुणी 'अगं, ऐकलंस का' म्हणत नाही, हेच पुष्कळ!

आमच्या सासूबाई मात्र रेवसचं नाव काढलं की गप्प होतात. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' बोट याच वाटेवर बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. गिरगाव-परळच्या कितीतरी घरांतली. ती भीती खोटी कशी म्हणावी? डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही डझनावर जीव गेले. म्हणून सांगते, चढल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मुलांना स्वतः बांधा. 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्या खलाशाचं ऐकू नका. लाँच खच्चून भरली असेल तर पुढची घ्या. पावसाळ्यात हौस नको.

भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढता येते. कोकणातल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेला हिशेब: तिथीची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमी ते एकादशीचं पाणी बेताचं असतं. (एकादशीला डबा साबुदाण्याचा, एवढाच फरक!) वारा दुपारनंतर वाढतो, तेव्हा सकाळचीच लाँच बरी.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. तेलकट भजी नकोत. मळमळणाऱ्यांसाठी आलेपाक, आणि बसायला मधली जागा. टोकाला हेलकावे जास्त. केस बांधून वर स्कार्फ.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर धक्क्यावरूनच मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० पासून. ती मोठी, कमी हलणारी, आणि मोटारही चढते. पण खरं सांगू? लाँचची मजा तिला नाही.

रेवसला उतरून अलिबागची एसटी मिळते, पण एका दिवसात तेवढी धावपळ कशाला? बंदराजवळच सावली बघून डबा सोडावा. मात्र तिथे गाळ फार. एकादशीला अडीचच्या सुमारास पुरी ओहोटी, लाँच अडकू शकते. तेव्हा बाराच्या आत परत निघा, नाहीतर पाणी चढेपर्यंत संध्याकाळ होते. आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरल्या उतरल्या खिडकीवर विचारून ठेवा.