डब्यातून निघाला बासचा आवाज

भीमजयंतीच्या रात्री जळगावात आमच्या वस्तीत गायनपार्टीचा कार्यक्रम रंगात आला होता. ढोलकी खणखणत होती, बेंजो बोलत होता, कोरसला जोर चढला होता. पण कडेला बास गिटार घेऊन उभा असलेला मुलगा काय वाजवतो आहे, हे कोणालाच कळत नव्हते. त्याची बोटे चालत होती, मान डोलत होती. कर्ण्यातून मात्र त्याचा सूर बाहेर पडत नव्हता. कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाले नाना हसत म्हणाले, "हाई लाकूड कसाले रे भो? ऐकू तं येत नही!"

नाना विनोदाने बोलले, पण ते मुलाच्या मनाला लागले. दिवसा चटईच्या कारखान्यात पाळी करून, ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्याने ती जुनी गिटार घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला सांगून टाकले, "भाऊ, लळिंगला मी येत नाही. तुम्ही दुसरा कोणी बघा."

धुळ्याहून मालेगावकडे जाताना मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला लागतो. तेथील लांडोर बंगल्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दि. ३१ जुलै १९३७ रोजी मुक्काम केला होता. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातून लोक तेथे जमतात, भीमगीते होतात. आमच्या पार्टीचा तो मानाचा दिवस. त्या दिवशी घरचाच पोरगा रुसून मागे राहणार, ही गोष्ट आम्हाला बरी वाटेना.

पार्टीच्या हिशेबाची वही आमच्याकडे असते. चौकशी केली तेव्हा कळले, की बासचा आवाज उठवणारी एक पेटी मिळते. तिला पेडल म्हणतात, कारण ती पायाने दाबून चालू-बंद करायची असते. तयार पेडलला काही हजार रुपये पडतात. बैठकीत विषय निघताच नाना म्हणाले, "तो पैसा दहावी-बारावीच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आहे." आम्हीही त्यांच्याच बाजूने बोललो. तेव्हा मुलाची धाकटी बहीण उभी राहिली. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. म्हणाली, "काका, पेटी विकत कशाला? आपण घरी करू. मला फक्त सामानाचे पैसे द्या."

आवाज हरवतो कोठे?

आधी आवाज का हरवतो, ते तिने आम्हाला समजावून दिले. बासची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली, की सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. याला ४१ हर्ट्झ म्हणतात. पुढच्या तीन तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. आपल्या सभांमध्ये लावतात तो कर्णा भाषणासाठी बनवलेला. साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचा आवाज त्याला झेपतच नाही. मग मुलगा कितीही जीव तोडून वाजवो, त्याचे मूळ सूर कर्ण्यापाशी येऊन थांबतात.

यावर उपाय काय? प्रत्येक तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले सूरही निघतात. ४१ च्या सोबत ८२, १२३, १६४ असे वर वर चढत जातात. पण जसजसे वर जावे तसतसे ते दुबळे होतात. ओव्हरड्राइव्ह म्हणजे आवाजाच्या लहरीचे शेंडे मुद्दाम थोडे दाबणे. शेंडे दाबले, की आवाजाला खरखर येते आणि हे वरचे सूर बळकट होतात. मग ३२८, ३६९, ४१० हर्ट्झचे सूर कर्ण्यातून बाहेर पडतात. प्रत्येक दोघांत अंतर ४१ चेच. आपला मेंदू ते अंतर ओळखतो आणि खालचा मूळ सूर आपल्या बाजूने भरून घेतो.

आम्हाला हे प्रथम खरे वाटेना. तेव्हा तिने टेलिफोनचा दाखला दिला. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेत असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर त्याहून पुष्कळ खाली असतो. तरी फोनवर वडिलांचा भारदस्त आवाज आपण ओळखतच होतो ना? तसेच हे.

बिघाडातून निघालेला शोध

या खरखरीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९५१ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात आइक टर्नर यांच्या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय वादकांनी 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. येताना वाटेत त्यांचा ऍम्प्लिफायर बिघडला होता. नवा आणायला वेळ नव्हता. स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबून काम भागवले, असे सांगतात. त्यातून जो घोगरा आवाज निघाला तो लोकांना आवडला. पुढे १९६० साली नॅशव्हिल येथे ग्रेडी मार्टिन या वादकाचा बास ध्वनिमुद्रित होताना यंत्राच्या एका भागात दोष निघाला आणि आवाज फाटला. तो फाटका आवाज गाण्यात तसाच ठेवला. तेथल्या तंत्रज्ञाने दोषाचा अभ्यास केला आणि तोच आवाज हुकमी काढणारी पेटी १९६२ मध्ये बाजारात आली.

आपल्याकडचा बेंजो तरी कोठला? त्याचे मूळ जपानचे. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ते वाद्य केले. भारतात त्याला बुलबुलतरंग म्हणू लागले. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, विजेच्या ऍम्प्लिफायरला जोडला आणि महाराष्ट्रात बेंजोपार्ट्या उभ्या राहिल्या. वाद्य कोठून आले याला महत्त्व नाही. ते उघडून त्यात आपल्याला हवा तो बदल करण्याची धमक लागते.

डब्यात काय आहे?

बहीण-भावाने रविवारी बाजारात जाऊन सामान आणले. पेटीसाठी वडिलांचा जुना ऍल्युमिनियमचा जेवणाचा डबा घेतला. आई आधी रागावली, "त्यांचा डबा आहे तो, पोरी." मग तिनेच तो राखेने घासून लख्ख करून दिला. धातूचा डबा घेण्याला कारण आहे. आजूबाजूच्या विजेच्या तारांची घूं-घूं धातू बाहेरच अडवतो. प्लॅस्टिकचा डबा ती अडवत नाही.

आत आठ पायांची एक आयसी आहे. टेपरेकॉर्डर-ऍम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना ४५५८ नंबरची आयसी चांगली माहीत असते. हिने तशाच पायांची टी.एल. ०७२ घेतली, कारण गिटारच्या पिकअपला ती अधिक मानवते. या एका आयसीत दोन ऍम्प्लिफायर असतात. पहिला प्रीऍम्प. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्याची वीज अगदी नाजूक. तो थेट माइकच्या जागी जोडला तर तिथल्या ओझ्याने तो दबतो. म्हणून पेटीच्या तोंडाशी दहा लाख ओहमचा रेझिस्टर लावला. ४७ हजार आणि १० हजार ओहमच्या जोडीने पहिला भाग आवाज साधारण पावणेसहापट करतो.

दुसरा भाग ओव्हरड्राइव्हचा. आयसीच्या बाहेर येणाऱ्या पायापासून आत जाणाऱ्या उलट्या पायापर्यंत दोन १ एन ४१४८ डायोड एकमेकांना उलटे लावले. लहर साधारण ०.६ व्होल्टच्या वर जाऊ लागली, की डायोड उघडतात आणि शेंडा दाबतात. डायोडच्या जागी लाल एलईडी लावले तर आवाज अधिक मोकळा येतो. डायोडबरोबरच एक लाख ओहमचा व्हॉल्यूम आहे. तो फिरवून खरखर कमी-जास्त होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या गिटारसाठी केलेल्या पेडलमध्ये खालचे सूर मुद्दाम कमी केलेले असतात. तसलेच पेडल बासला लावले तर आवाज पातळ होतो. म्हणून हिने स्वच्छ आवाज आणि खरखरीचा आवाज असे दोन्ही ४७ हजार ओहमच्या एका व्हॉल्यूमच्या दोन टोकांना आणून सोडले. बटण मधे ठेवले, की दोन्ही मिसळतात. मोठे बॉक्स असतील तेथे स्वच्छ बाजू वाढवायची, नुसते कर्णे असतील तेथे दुसरी.

सगळे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तरुण मुलांना आमची कळकळीची सूचना आहे, की सुरुवात बॅटरीवरच करावी. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी आणि उघड्या ऍम्प्लिफायरशी जाणत्या माणसाशिवाय खेळू नये.

पहिल्याच दिवशी पेटी चालली असे मात्र नाही. प्रथम बॅटरी उलटी लागली आणि आयसी गेली. बहीण रडकुंडीला आली. दुसऱ्या आयसीला तिने सॉकेट लावले आणि बॅटरीच्या वाटेवर १ एन ४००७ डायोड बसवला. आता बॅटरी उलटी लागली तरी नुकसान नाही. मग घूं-घूं सुरू झाली. दोन संध्याकाळी शोधल्यावर कळले, की डब्याला अर्थिंगची तार जोडायचीच राहिली आहे आणि एका ठिकाणी सोल्डर नीट धरलेला नाही. तो डाख पुन्हा दिला, तार जोडली आणि पेटी शांत झाली. सगळा खर्च पाचशे रुपयांच्या आत बसला. जळालेली आयसीही आम्ही वहीत लिहिली आहे.

लळिंगला

३१ जुलैला पाऊस भुरभुरत होता. कर्णे तेच होते, ऍम्प्लिफायर तोच होता. मुलाने पायाने बटण दाबले आणि पहिल्या गाण्याला ढोलकीच्या पाठीशी बास उभा राहिला. नानांनी वाजवता वाजवता मान वळवली. गाणे संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "आते ऐकू येस रे भो!" मुलगा काही बोलला नाही. बहीण समोर बायकांमध्ये बसली होती, तिच्याकडे पाहून हसला.

एक खुलासा केला पाहिजे. आम्ही आवाज मोठा केला नाही. हरवलेला आवाज जागेवर आणला. जयंतीत छाती हादरवणाऱ्या भिंती लावण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरोघरी म्हातारी माणसे, आजारी माणसे आणि अभ्यास करणारी पोरे असतात. शब्द ऐकू येत नसतील तर भीमगीत कशासाठी गायचे?

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले, तेव्हा बहुतेक गावांत वीजही नव्हती. लोककवी वामनदादा कर्डकांनी उभे आयुष्य गाण्यावर ओवाळले. त्याआधी गावगाड्यात लग्नाला आणि मयताला डफडे वाजवणे हे आपल्या माणसांवर लादलेले काम होते. ते आपण बाबासाहेबांच्या शिकवणीने टाकले. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वाद्य वाईट नव्हते, सक्ती वाईट होती. आज आपला मुलगा आपल्या मर्जीने वाजवतो आणि आपली मुलगी त्या वाद्याचे यंत्र बनवते. आपल्या घरांत वाजवणारे हात पुष्कळ आहेत. उघडून पाहणारे आणि दुरुस्त करणारे हात वाढले पाहिजेत.

लळिंगहून निघताना धुळ्याच्या एका पार्टीची दोन मुले डबा पाहायला आली. बहिणीने झाकण उघडून दाखवले आणि वहीचे पान फाडून नकाशा काढून दिला. त्यांनी किती पैसे द्यायचे, असे विचारले. ती म्हणाली, "पैसे नको. तुमचा झाला, की पुढच्या पार्टीला काढून द्या. आणि बॅटरी नीट बघून लावा."

जयभीम.