ई-सायकल घेताना आधी भोकं मोजा

पुण्या-मुंबईतल्या दुकानात उभी असलेली ई-सायकल बहुतेक वेळा डोंगरात निघाल्यासारखी दिसते. जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, तिरक्या नळीत दडवलेली बॅटरी. मडगार्ड नसतोच, असला तर वीतभर प्लॅस्टिकची पट्टी. कॅरिअर नाही, चेनवर झाकण नाही, कुलूप नाही. ती घेणाऱ्याला मात्र कोथरूडहून शिवाजीनगरला कचेरीत जायचं असतं, नाहीतर मुलुंडच्या घरापासून स्टेशन गाठायचं असतं. सोबत डबा, लॅपटॉप, रेनकोट आणि येताना भाजी.

जुन्या काळ्या सायकलीच्या वेळी हा प्रश्न कुणाला पडत नसे. अ‍ॅटलस असो की हिरो, तिला दोन्ही चाकांवर लांब पत्र्याचे मडगार्ड असत. चेनवर पत्र्याचं झाकण, मागे लोखंडी कॅरिअर, भक्कम स्टँड, हँडलवर घंटी, सीटखाली गोल कुलूप आणि हौस असेल तर डायनामो. ती सायकल कामावर जाण्यासाठीच घडवलेली होती. नेदरलँड्समध्ये आजही तसंच आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी निम्म्याच्या आसपास विजेवरच्या असतात, आणि दिवे, कॅरिअर, मडगार्ड, मागच्या चाकाचं कुलूप हे सारं त्यांच्यावर कारखान्यातूनच बसवून येतं. आपल्याकडे मात्र ही जमवाजमव गिऱ्हाइकावर सोडलेली आहे.

म्हणून ॲक्सेसरीजची निवड सायकल घेण्याआधीच सुरू करायला हवी. दुकानात मोटरची ताकद आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर, एवढं विचारून लोक थांबतात. त्यांनी खाली वाकून मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेम पाहावी. तिथे दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटरचे बोल्ट बसतील अशी आटे पाडलेली छोटी भोकं आहेत का? सीटखालच्या नळ्यांवर वरची जोडी आहे का? आसाजवळ प्रत्येक बाजूला दोन भोकं असतील तर उत्तम, कारण एकात मडगार्डची तार बसते आणि दुसऱ्यात कॅरिअरचा पाय. एकच असेल तरी लांब बोल्ट घालून दोन्ही बसवता येतात. एकही नसेल, तर ती सायकल कितीही देखणी असली तरी रोजच्या ओझ्याचा विचार करून बनवलेली नाही, हे समजून घ्यावं.

या वाहनाचं कायद्यातलं स्थानही माहीत असायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर पाव किलोवॉट, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेने ते तपासून मान्य केलं असेल, तर अशी ई-सायकल मोटार वाहन ठरत नाही. मग नोंदणी नको, परवाना नको. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक चाचणी संस्था. याच नियमात पुढे एक पांढरा आणि मागे एक लाल परावर्तक असावा, असंही म्हटलं आहे. कॅरिअर किंवा बॅग बसवताना मागचा लाल परावर्तक काढून खिशात टाकायचा नसतो. तो हलवून कॅरिअरच्या टोकाला लावायचा.

आता कॅरिअर. रोजच्या सायकलीवरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त चुकाही हिच्याबाबतच होतात. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक सीटच्या दांड्याला चिमट्यासारखा पकडतो. भोकं नसलेल्या सायकलीला दुकानदार हाच सुचवतो. त्यावर नऊ-दहा किलोच्या वर वजन टाकू नये, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो हळूहळू एका बाजूला फिरतो. दुसऱ्या प्रकाराला खाली पाय असतात, ते फ्रेमच्या भोकांत बसतात आणि ओझं थेट आसाजवळ उतरतं. चांगल्या कॅरिअरवर त्याची क्षमता कोरलेली असते. पायवाल्यांवर अनेकदा २५ किलो लिहिलेलं आढळतं. आकडा कुठेच नसेल तर तो कॅरिअर सोडून द्यावा.

ई-सायकलवर कॅरिअर बसवताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली डिस्क ब्रेकची. ब्रेकचा कॅलिपर डाव्या बाजूला असतो आणि साध्या कॅरिअरचा पाय नेमका त्याच्यावर येतो. मग मिस्त्री पाय वाकवतो किंवा वॉशरची चळत लावतो. त्यापेक्षा डिस्क ब्रेकसाठी पाय बाहेरच्या बाजूला काढलेला कॅरिअर मागून घ्यावा. दुसरी अडचण मोटरची. बहुतेक स्वस्त ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. तिचा आस दोन बाजूंना जाड नटांनी आवळलेला असतो, आणि त्याखालचे खास वॉशर मोटरच्या जोराने आस फ्रेममध्ये फिरू देत नाहीत. कॅरिअरचा किंवा मडगार्डचा पाय या नटाखाली अडकवायचा मोह मिस्त्रीला होतो, कारण ते सोपं असतं. पण तसं केलं की नटाची पकड कमी होते, आस फिरू लागतो आणि त्यासोबत मोटरची वायर पिळली जाऊन तुटते. मोटरचा नट फक्त मोटरचा, यावर गिऱ्हाइकाने ठाम राहावं.

बोल्टांचंही थोडं पाहावं लागतं. चेनच्या बाजूचा बोल्ट आतून जास्त बाहेर आला तर सर्वांत लहान गिअरवर चेन त्याला घासते. बोल्ट आतल्या बाजूला फ्रेमशी समपातळीत असावा. नट नायलॉनच्या कड्याचे घ्यावेत. ते थरथरीने सुटत नाहीत. आट्यांना निळं लॉकिंग द्रव्य लावलं तर अधिक चांगलं. अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेममधले आटे नाजूक असतात, त्यामुळे पाच मिलिमीटरचा बोल्ट हाताने पुरेसा घट्ट झाला की पान्याने फार तर पाव फेरा. नवीन काहीही बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. ढिले पडायचे ते तेवढ्यात पडलेले असतात.

मडगार्डला लोक दुय्यम समजतात, कारण त्यांच्या डोक्यात पाठीवरची चिखलाची रेघ असते. ती तर आहेच. ई-सायकलमध्ये मात्र पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा महत्त्वाचा. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि वाळू सरळ पॅडलच्या धुरीवर जाऊन आदळते. अनेक सायकलींत पॅडल फिरतंय हे ओळखणारा सेन्सर तिथेच असतो, आणि मोटरचा मेंदू म्हणावा तो कंट्रोलरही बऱ्याचदा बॅटरीच्या खालच्या टोकाशी, तिथूनच हातभर अंतरावर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा मारा रोज सोसावा लागतो. मडगार्ड टायरपेक्षा निदान आठ-दहा मिलिमीटर रुंद हवा: २.१ इंची टायर साधारण ५३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे मडगार्ड साठीच्या पुढचा घ्यावा. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट ठेवावी, नाहीतर चिखल अडकून चाक घासतं. शॉकॲब्सॉर्बरच्या फोर्कला भोकं नसतात, तिथे चिमट्याचा मडगार्ड लावून त्याच्या टोकाला रबराची झूल जोडावी. जुन्या मोटारीच्या ट्यूबचा तुकडा त्यासाठी छान चालतो.

बॅग पाठीवर घ्यायची की कॅरिअरवर, याचं उत्तर एप्रिल-मे महिनाच देतो. मोटरमुळे घाम कमी येतो खरा, पण पाठीवरची सॅक तो सगळा परत आणते. कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या बॅगा यासाठी उत्तम. पावसात चालतील अशा बॅगांचा शोधही पावसातच लागला. हार्टमुट ऑर्टलिब हा जर्मन तरुण १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये सायकलवर फिरत असताना त्याचं सामान भिजत होतं. समोरून गेलेल्या ट्रकवरची ताडपत्री पाहून त्याने तसल्याच कापडाच्या बॅगा शिवल्या आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या तशा बॅगा आता भारतातही बनतात. घेताना चेनने बंद होणारी बॅग टाळावी. पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं. बसवताना सीटवर बसून पॅडल उलटं फिरवून पाहावं. टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे सरकवावी.

दिव्यांच्या बाबतीत बॅटरी संपेल ही भीती निराधार आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. तीन वॉटचा दिवा तासभर चालला तर त्यातले तीन वॉट-अवर जातात, शंभरातला एक टक्काही नाही. किलोमीटरला दहा वॉट-अवर धरले तर तासभराच्या उजेडाची किंमत म्हणजे तीनशे मीटरचा प्रवास. त्यामुळे कंट्रोलरमधून दिव्यासाठी वायर दिलेली असेल तर दिवा तिच्यावरच घ्यावा. वेगळा चार्ज करायला नको आणि विसरायलाही नको. फक्त त्या वायरवर किती व्होल्ट येतात हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं. कुठे ६, कुठे १२, तर कुठे थेट बॅटरीचेच व्होल्ट येतात, आणि ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ पर्यंत जाते. मोटारसायकलचा १२ व्होल्टचा दिवा त्यावर जोडला की जळालाच. वायर नसेल तर हार्नेस कापून जोड मारू नये. त्याने वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं. चार्ज होणारा सुटा दिवा घ्यावा.

मागचा दिवा सीटच्या दांड्याला लावायची पद्धत आहे, पण कॅरिअरवर बॅग आली किंवा रेनकोटची झूल खाली लोंबली की तो झाकला जातो. चांगल्या कॅरिअरच्या मागच्या टोकाला ५० किंवा ८० मिलिमीटर अंतराची दोन भोकं असतात. ती लाल दिव्यासाठीच असतात.

आरसा उजव्या हँडलला. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो आणि मागून येणारी वाहनं उजवीकडून पुढे जातात. युरोपातले व्हिडिओ पाहून डावीकडे लावलेला आरसा इथे फारसा कामाचा नाही. मात्र थ्रॉटल बऱ्याच ई-सायकलींवर उजवीकडेच असतो, तेव्हा हँडलच्या टोकात घुसणारा आरसा घेण्यापूर्वी तिथे जागा आहे का, हे पाहावं. ब्रेकचे लिव्हर बदलायचे असतील तर आणखी सावध: लिव्हर दाबताच मोटर बंद करणारी वायर त्यांच्यात असते. साधे लिव्हर लावले तर ब्रेक दाबूनही मोटर पुढे ढकलत राहील.

स्टँडकडे कुणी लक्ष देत नाही. ई-सायकल वीस-पंचवीस किलोची असते, त्यावर ओझं आलं की बारका साइड स्टँड ओल्या मातीत रुततो. रुंद पायाचा, उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड घ्यावा. बसवताना चिमट्याखाली मोटरची किंवा ब्रेकची वायर चेपली जात नाही ना, हे स्वतः वाकून बघावं.

मागे कुणी बसणार असेल तर पाय आणि कपडे चाकात जाऊ न देणारी जाळी अत्यावश्यक आहे. मोटारसायकलींना मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियमानेच सक्तीचं आहे, म्हणून त्यांच्यावर साडी गार्ड दिसतो. सायकलीला अशी सक्ती नाही, पण आऱ्यांत अडकणारा पदर आणि लहान मुलाचा पाय दोन्हीकडे सारखेच. मुलाची खुर्ची तर क्षमता लिहिलेल्या, पायवाल्या कॅरिअरवर किंवा थेट फ्रेमवरच बसवावी. चिमट्याच्या कॅरिअरवर कधीही नाही.

कुलूप लावताना किंमत कशाची आहे ते आठवावं. हबमध्ये मोटर असलेलं मागचं चाक आणि बॅटरी हे ई-सायकलचे सगळ्यात महाग भाग. मजबूत यू-कुलूप किंवा जाड साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून एकत्र जाईल अशी घालावी, आणि बॅटरी काढून वर न्यावी. पावसाळ्यात तर बॅटरी घरातच असलेली बरी. ओली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, कोरडी होऊ द्यावी. आयपीएक्स-४ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फक्त शिंतोडे सोसण्याइतकं संरक्षण, पाण्यात बुडण्यापासून नव्हे. सत्तावीस इंची चाकाचा आस जमिनीपासून फूटभरापेक्षा थोडा वर असतो. रस्त्यावर पाणी तिथवर चढलं असेल तर सायकल ढकलतही नेऊ नये, थांबावं. वाहन धुण्याच्या दुकानातला जोराचा फवाराही नको. ओल्या फडक्याने पुसणं पुरतं.

पंक्चरची तयारी हीदेखील ॲक्सेसरीच समजावी. हबमध्ये मोटर असलेलं चाक काढणं रस्त्यात जिकिरीचं असतं, म्हणून ट्यूबमध्ये आधीच सीलंट भरून ठेवणं फायद्याचं. लहान काट्याचं भोक चालता-चालता बुजतं. टायर आणि ट्यूबमध्ये घालायची पट्टीही मिळते. तरीही पंक्चर झालंच तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला चाक न काढता टायरची एक कड सोडवून ट्यूब बाहेर ओढतो, पाण्यात धरून बुडबुडे पाहतो आणि ठिगळ लावतो. मोटरच्या चाकाला हीच पद्धत योग्य. टायर बदलायची वेळ आली की मात्र चाक उतरवावं लागतं. तेव्हा बहुधा १८ नंबरचा पाना लागतो, आणि मोटरच्या वायरचा जोड खुणेला खूण जुळवूनच सरळ ओढायचा आणि सरळ घालायचा असतो. नट सोडण्यापूर्वी वॉशर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूला आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे मिस्त्री कोणीही असला तरी ते परत तसेच बसतील.