हिरवं म्हणजे तांबंच का?

तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे इथे जुन्या शहरात घराघरांत ठाऊक आहे. म्हणून दगडात हिरवा स्फटिक दिसला की आपण म्हणतो, यात तांबं असणार. मॅलाकाइटच्या बाबतीत ते खरंही आहे.

पण पुण्याकडच्या खाणींतला दुर्मिळ हिरवा अपोफिलाइट घ्या. त्याच्या घडणीत पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका आणि पाणी आहे, तांबं नाही. तापवला की पाणी निघून पापुद्रे सुटतात, नाव त्यावरूनच पडलं. मग रंग कशाचा? जॉर्ज रॉसमन यांनी त्यातून प्रकाश सोडून कोणता भाग शोषला जातो ते तपासलं. १९७४ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर होतं : व्हॅनेडियम, तेही अगदी थोडं.

पुण्याचा आणि आपल्या वऱ्हाडाचा काळा पाषाण एकाच ज्वालामुखी काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गिट्टी फोडताना पोकळीत असं काही चमकलं, तर घण क्षणभर थांबवावा. चाकूने ओरखडा उठला तर तो पन्ना नव्हे, एवढं तिथेच कळतं. पुढचं प्रयोगशाळेला विचारू. रंग पाहून नाव ठेवायची घाई आपण करू नये.