वाचकाच्या दारी आलेली विद्या

विद्वानांनी आपले सिद्धांत विद्वानांपुढेच मांडावेत आणि त्यांचा जो काही अंश सामान्य जनांच्या वाट्याला यायचा तो कालांतराने आपोआप खाली झिरपावा, अशी एक समजूत विद्यापीठांच्या परिसरात रूढ आहे. परंतु मराठी विद्येचा इतिहास या समजुतीविरुद्ध साक्ष देतो. १८३२ साली ‘दर्पण’ आणि एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत असतानाच १८४० साली ‘दिग्दर्शन’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर काय, किंवा पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा १८७५ साली पाया घालणारे न्यायमूर्ती रानडे काय, या पुरुषांना विद्येचे अर्जन आणि विद्येचे वितरण ही एकाच कर्तव्याची दोन अंगे वाटत होती. या परंपरेत ज्यांनी आपले सारे आयुष्य खर्ची घातले, ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

१८८४ साली रायपूर येथे जन्मलेल्या केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास केला. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून भारतातील जातिसंस्थेचे विवेचन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. अशा पंडिताने पुढील ग्रंथही इंग्रजीतच लिहावेत आणि परदेशी विद्वत्सभांतून मान्यता संपादावी, हा मार्ग त्यांना खुला होता. तो सोडून, मराठीखेरीज अन्य भाषा न येणाऱ्या वाचकाला जगातील समग्र ज्ञानाचा परिचय व्हावा, या हेतूने त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चा संकल्प सोडला.

हा संकल्प तडीस कसा गेला, याचा तपशील मननीय आहे. केतकरांनी ज्ञानकोश मंडळ मर्यादित कंपनीच्या स्वरूपात उभे केले, त्यासाठी भागभांडवल जमविले आणि वर्गणीदार मिळविण्याकरिता ते स्वतः गावोगाव फिरले. ज्या गृहस्थाने जातिव्यवस्थेच्या उपपत्तीवर परदेशात प्रबंध लिहिला, त्यालाच एखाद्या तालुक्याच्या गावी वकील, मामलेदार, शाळामास्तर यांच्यापुढे बसून, अद्याप छापूनही न झालेल्या ग्रंथाची उपयुक्तता पटवून द्यावी लागे, असा तो व्यवहार होता. यात विद्येची मानहानी झाली असे ज्याला वाटेल, त्याने इतके ध्यानात घ्यावे की या फिरतीमुळेच कोशाला वाचक मिळाला आणि कोशकाराला वाचकाची गरज प्रत्यक्ष कळली; जमाखर्चाची वही आणि संशोधनाचे टिपण ही दोन्ही एकाच दप्तरात नांदू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले.

१९२० ते १९२७ या अवधीत तेवीस खंडांचे हे काम बाहेर पडले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे असून, हिंदुस्थान आणि जग यांच्या संबंधांपासून वेदविद्या, बुद्धपूर्व आणि बुद्धोत्तर जग यांतून विज्ञानाच्या इतिहासापर्यंत त्यांचा विस्तार आहे. अकारविल्हे लावलेली माहिती त्यानंतर येते. ही योजना वाचकाविषयीच्या आदरातून निघाली आहे. एकेक सुटी नोंद वाचून माहिती वाढते, परंतु त्या माहितीला बसावयास चौकट नसेल तर विचार वाढत नाही; म्हणून ग्रंथालयाची सोय नसलेल्या वाचकाला कोशकाराने आधी इतिहासाची चौकट दिली आणि मग तपशील दिला. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात त्यांनी या साऱ्या उद्योगाची हकीकतही वाचकांपुढे ठेवली.

कोश पुरा झाल्यावरही त्यांनी वाचकाची संगत सोडली नाही. ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्यांतून त्यांनी समाजशास्त्रातील प्रश्न कथेच्या रूपाने मांडले. रचनेच्या दृष्टीने या कादंबऱ्या शिथिल आहेत, हा समीक्षकांचा आक्षेप खोटा नाही. तथापि जातीच्या निर्बंधांनी एका शिकलेल्या तरुणीच्या आयुष्याची कशी कोंडी होते, हे प्रबंध न वाचणाऱ्या वाचकाला ‘ब्राह्मणकन्ये’ची नायिका कालिंदी हिच्या चरित्रातून उमगते, आणि लेखकाचा हेतू तेथे सफल होतो.

पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. केतकरांना जे भागधारकांच्या आणि वर्गणीदारांच्या बळावर करावे लागले, त्याला आता शासनाचा आश्रय लाभला, हे इष्टच झाले. परंतु आश्रय मिळाल्याने वाचकाची जबाबदारी संपत नाही. ग्रंथ अद्याप लिहिला जात असताना त्यावर विश्वासाने पैसे लावणारा तो जुना वर्गणीदार ज्ञानकोशाच्या कर्तृत्वात निःसंशय भागीदार होता. विद्वानाने सुबोध लिहावे अशी मागणी आपण सर्वजण करतो; तिच्या जोडीला, त्याने सुबोध लिहिलेला कठीण विषय आपण चिकाटीने वाचू, तो ग्रंथ विकत घेऊ आणि लेखकाला शंका विचारू, एवढी प्रतिज्ञा वाचकानेही केली पाहिजे, कारण मराठीत विद्या नांदावयाची असेल तर ती या दुहेरी परिश्रमावरच नांदेल.