वाढीव वेगाचे गणित

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया एका अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यावर चालते आणि एका सेकंदात पडणाऱ्या ठोक्यांची संख्या हर्ट्झमध्ये मोजली जाते. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे असते. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो, त्यामुळे गुणक ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज ठोके, इतका होतो. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर किंवा मेमरी चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे शक्य होते, कारण एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात आणि कंपनीला त्यांतील सर्वांत कमकुवत चिपही साध्या कूलरखाली, उन्हाळ्यात, वर्षानुवर्षे बिनचूक चालेल अशी हमी द्यायची असते. त्यासाठी राखून ठेवलेला हा मोकळा वाव ओव्हरक्लॉकिंग करणारा वापरू पाहतो.

एके काळी हा वाव फार मोठा होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर साडेचारच्या गुणकाने ३०० मेगाहर्ट्झवर चाले. तेच घड्याळ १०० मेगाहर्ट्झ केले की त्याच गुणकाने तो ४५० मेगाहर्ट्झवर पोचत असे आणि त्याची १२८ किलोबाइटची कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असणारी छोटी, जलद मेमरी) चिपवरच, पूर्ण वेगाने चालणारी असल्याने कितीतरी महागड्या पेंटियम २च्या तोडीचे काम देत असे. २०११च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने संगणकातील इतर भागांचे वेगही त्याच मूळ घड्याळाला बांधले, त्यामुळे घड्याळ वाढवण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला आणि गुणक बदलण्याची मुभा मुख्यतः नावात ‘के’ असलेल्या महाग प्रोसेसरांपुरती राहिली. एएमडीने मात्र २०१७मध्ये रायझन आणताना ही मुभा सरसकट दिली, जरी ती वापरण्यासाठी योग्य चिपसेटचा मदरबोर्ड लागतोच.

आजचा प्रोसेसर तापमान आणि वीजपुरवठा पाहून स्वतःच वेग वाढवत असतो, म्हणून पूर्वीचा बहुतेक वाव कंपनीनेच वापरून टाकलेला असतो. उरलेल्या थोड्या वाढीची किंमत किती पडते हे एका साध्या सूत्रावरून कळते: ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीसाठी लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले, असे धरले तर वेग ११ टक्के वाढतो आणि ही वीज व तिच्यातून निघणारी उष्णता सुमारे ४१ टक्के. शिवाय जास्त व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि उष्णता यांच्या माऱ्यामुळे चिपमधील सूक्ष्म तारांचे अणू हळूहळू जागचे सरकतात व प्रोसेसरचे आयुष्य घटते. नवशिक्याने सुरुवात येथून करू नये.

सुरुवात मेमरीपासून करावी, कारण तेथे विकत घेतलेला वेग अनेकदा वापरलाच जात नाही. रॅमच्या पाकिटावर ३२०० असे छापलेले असले तरी अशी मेमरी नव्या संगणकात पुष्कळदा २१३३ किंवा २४००वरच चालू होते. छापील वेग ही उत्पादकाने तपासून रॅमच्या पट्टीवरील छोट्या चिपमध्ये नोंदवलेली वेगळी मांडणी असते आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डावरील मूळ कार्यक्रमात, जाऊन ती निवडावी लागते. इंटेलने २००७मध्ये आणलेल्या या सोयीचे नाव एक्सएमपी, तर एएमडीने २०२२मध्ये डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीसाठी आणलेल्या सोयीचे नाव एक्स्पो. ही मांडणी निवडणे म्हणजेसुद्धा तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच असते, म्हणून प्रोसेसरच्या वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात.

३२०० हा आकडा सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष देवाणघेवाणींचा असतो. प्रत्येक ठोक्याला दोन देवाणघेवाणी होत असल्याने प्रत्यक्ष घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते. त्यापुढे १६-१८-१८-३८ असे जे आकडे छापलेले असतात, ते टायमिंग. मेमरीतील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो व हे कपॅसिटर आडव्या ओळींत आणि उभ्या स्तंभांत मांडलेले असतात. ओळ उघडायची, तीतील स्तंभ वाचायचा, मग ओळ मिटून पुढची उघडायची, या प्रत्येक टप्प्याला किती ठोके द्यायचे ते हे आकडे सांगतात. पहिला आकडा, म्हणजे सीएल, स्तंभ मागितल्यापासून माहिती हाती येईपर्यंतच्या ठोक्यांचा. १६०० मेगाहर्ट्झवर १६ ठोक्यांना १० नॅनोसेकंद लागतात, डीडीआर५च्या ६०००च्या मेमरीत ३० ठोक्यांनाही १० नॅनोसेकंदच लागतात, आणि २१३३वर १५ ठोक्यांना मात्र १४ नॅनोसेकंद. सीएलचा आकडा लहान दिसला म्हणून मेमरी चपळ ठरत नाही. तो नेहमी घड्याळाच्या वेगाबरोबरच वाचावा लागतो.

तयार मांडणी निवडली म्हणजे काम संपत नाही, कारण उत्पादकाने रॅम तपासलेली असते, पण ती या विशिष्ट प्रोसेसरच्या मेमरी नियंत्रकाबरोबर आणि या मदरबोर्डावर तपासलेली नसते. २०२३च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतील काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे प्रकार उघडकीला आले, तेव्हा मेमरी नियंत्रकालाही वीज पुरवणारे एसओसी व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढत असल्याचे दिसले व एएमडीने नव्या बायोसद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. म्हणूनच कोणत्याही प्रयोगाआधी बायोस अद्ययावत करावे, आणि ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, हे लक्षात घेऊन संगणक यूपीएसवर ठेवावा. मांडणी बदलल्यावर संगणक मेमरीची जुळवणी नव्याने करतो. डीडीआर५मध्ये या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नये. तो उजळलाच नाही, तर संगणक बंद करून, वीज तोडून मदरबोर्डावरील सीमॉसच्या दोन पिना क्षणभर जोडल्या, की बायोसच्या मूळ मांडण्या परत येतात.

संगणक बंद पडणे ही ओव्हरक्लॉकिंगमधली खरी भीती नव्हे. खरी भीती आहे ती न थांबता चुकत राहणाऱ्या संगणकाची. घरगुती डेस्कटॉपमध्ये सहसा प्रोसेसरपर्यंतच्या संपूर्ण वाटेवर चुका पकडणारी ईसीसी यंत्रणा नसते, त्यामुळे एखादे छायाचित्र किंवा हिशेबाची फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवताना मेमरीत एक बिट उलटला, तर तो तसाच लिहिला जातो आणि महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातही येत नाही. यासाठी मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून चालवावा, त्याच्या सर्व फेऱ्या होऊ द्याव्यात आणि एक जरी चूक दाखवली गेली तरी वेग खाली आणावा. एखादी चूक चालेल, ही सवलत येथे स्वतःला देऊ नये.

प्रोसेसरसाठी अशीच कसोटी प्राइम९५ घेतो. १९९६मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मेर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी सुरू केलेल्या प्रकल्पाचा हा कार्यक्रम अवाढव्य संख्यांचे गुणाकार दशांश अपूर्णांकांतून करतो आणि उत्तरे पूर्णांकांच्या अगदी जवळ यावीत अशी अपेक्षा ठेवतो. पूर्णांकापासूनचे अंतर ०.४हून कमी अपेक्षित असताना ०.५ आले, की तो तेथेच थांबतो आणि चूक जाहीर करतो. विंडोज सुरळीत चालू असताना, पडद्यावर काहीही वावगे दिसत नसताना प्रोसेसर चुकीचे उत्तर देत असल्याचे असे सिद्ध होते. मेमरीची परीक्षा पार पडल्यावर कोणाला गुणक वाढवायचाच असेल, तर तो एकेका अंकाने वाढवावा, प्रत्येक पायरीवर ही चाचणी तासभर तरी द्यावी, आणि शेवटच्या यशस्वी पायरीहून एक पायरी खालीच थांबावे.

तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत कार्यक्रम पुरतो, पण त्यातील आकडा खोलीच्या तापमानासह वाचला पाहिजे. साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. एखाद्या कूलरखाली पूर्ण भाराने प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ८० वर राहतो आणि ४० अंशांच्या खोलीत ९५ वर जातो, जेथे रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा येते व प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तापलेल्या मेमरीतील विद्युतभारही लवकर गळतो. परदेशी परीक्षणांतील आकडे बहुधा थंड खोलीत घेतलेले असतात. नागपूर किंवा चंद्रपूरला, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, जानेवारीत निर्दोष ठरलेली मांडणी मे महिन्यात पुन्हा तपासून घ्यावी लागते, आणि त्या वेळी एकही चूक निघाली तर जानेवारीतला वेग सोडून द्यावा.