सुबुद्धांपुढे धर्माची कैफियत

अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील एक तरुण धर्मोपदेशक हेन्रिएट्टे हेर्त्झ या विदुषीच्या घरच्या बैठकीत नित्य दिसू लागला. तेथे कवी, समीक्षक आणि तत्त्वचिंतक जमत. फ्रीडरिख श्लायरमाखरच्या विद्वत्तेचे त्यांना कौतुक होते. त्याच्या धर्माचे मात्र नव्हते. बुद्धिवादाने चमत्कार मोडीत काढले होते, कांटने धर्म नीतीच्या दावणीला बांधला होता आणि नव्या स्वच्छंदतावाद्यांना कलेतच दैवत सापडले होते. याच मित्रांनी, विशेषतः फ्रीडरिख श्लेगेलने, त्याला ग्रंथ लिहिण्यास भाग पाडले. धर्माचा तिरस्कार करणाऱ्या सुसंस्कृतांना उद्देशून त्याने लिहिलेली व्याख्याने १७९९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली.

त्याचे म्हणणे असे, की तुम्ही ज्याचा तिरस्कार करता तो धर्मच नव्हे. विश्वोत्पत्तीचे सिद्धान्त हे ज्ञानाचे क्षेत्र, सदाचार हे कर्माचे. धर्म या दोहोंहून निराळा. सान्तात अनंताची येणारी प्रत्यक्ष अनुभूती, तोच धर्म.

हा निव्वळ वकिली डावपेच नव्हता. मोरावियन पंथाच्या भक्तिमय शाळेत वाढलेल्या श्लायरमाखरने १७८७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, लष्करात धर्मोपदेशक असलेल्या वडिलांना कळविले होते, की ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि मानवाच्या पापांसाठी त्याने भोगलेले प्रायश्चित्त यांवर आपला विश्वास उरलेला नाही. पितापुत्रांत दीर्घ दुरावा आला. सिद्धान्त गळून पडले तरी भक्ती उरते, हे तो स्वानुभवाने जाणत होता.

पण या बचावाची किंमत जबर होती. १८२१-२२ च्या ‘ख्रिस्ती श्रद्धा’ या ग्रंथात त्याने धर्माचे मूळ निरपेक्ष परावलंबनाच्या जाणिवेत शोधले, तेव्हा हेगेलने टोमणा मारला, की मग कुत्रा हाच सर्वोत्तम ख्रिस्ती ठरेल! टोमणा मजेदार, पण अन्यायाचा. श्लायरमाखरला अभिप्रेत असलेली जाणीव म्हणजे भावनेची उकळी नव्हे, तर साऱ्या विचाराच्या व कृतीच्या मुळाशी असलेले आत्मभान होय. खरा धोका निराळा होता. देवाविषयीचे प्रत्येक विधान जर माणसाच्या जाणिवेचेच वर्णन असेल, तर देव हे माणसाचेच प्रतिबिंब आहे, असे म्हणणाऱ्या फॉयरबाखला १८४१ मध्ये कोणत्या तोंडाने अडवावे? विसाव्या शतकात कार्ल बार्टने नेमके हेच वर्म धरले. त्यावर श्लायरमाखरच्या ग्रंथांत निर्णायक उत्तर सापडत नाही.

१८२९ मध्ये त्याचा नऊ वर्षांचा मुलगा नाथानाएल गेला. थडग्यापाशी बाप स्वतः बोलला. मूल जगाच्या मोहांतून लवकर सुटले, हे रूढ सांत्वन त्याने नाकारले. परलोकाची रम्य चित्रे रंगविणेही आपल्याला साधत नाही, असे त्याने सांगितले. जमलेल्यांना त्याने एकमेकांवर अधिक प्रेम करण्याची विनंती केली आणि पुढल्याच वर्षी आपल्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीचा पहिला खंड छापून काढला.