सीएलएलचा अंदाज कशावरून बांधतात?

सीएलएल हा लिम्फोसाइट पेशींचा, बहुधा संथ चालणारा रक्ताचा कर्करोग. पुष्कळदा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसी या रक्ततपासणीत सापडतो. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, माणूस मात्र ठणठणीत. डॉक्टर म्हणतात, ‘तूर्त औषध नको, दर काही महिन्यांनी दाखवून जा.’ घरच्यांना हे पटता पटत नाही.

काहींना वर्षानुवर्षे औषध लागत नाही, काहींचा आजार लवकर उचल खातो. १९९९मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवलं, की पेशींच्या आयजीएचव्ही जनुकात म्युटेशन झालेलं असेल तर आजार सहसा सौम्य राहतो. एरवी म्युटेशन म्हटलं की धडकी भरते, इथे उलटंच! ही तपासणी एकदा केली की पुरे.

फिश या दुसऱ्या तपासणीचं तसं नाही. त्यात गुणसूत्रांचा गळालेला तुकडा दिसतो. फक्त १३व्या गुणसूत्रावर तूट असेल तर दिलासा. १७व्याच्या आखूड भुजेवर असेल तर टीपी५३ हे राखणदार जनुकच गेलेलं असतं. मग जुनी केमोथेरपी फारशी चालत नाही, इब्रुटिनिबसारख्या गोळ्या लागतात. ही तूट नंतरही उद्भवते, म्हणून प्रत्येक उपचाराआधी फिश आणि टीपी५३ची तपासणी पुन्हा करावी. लक्षणं नसताना मात्र निव्वळ वाईट अहवालावरून औषध सुरू करत नाहीत. तेव्हा तपासणीचा खर्च आत्ताच करायचा का, हे डॉक्टरांना बेधडक विचारावं.